कुलूपबंद दालनातली वंदना

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. उल्काला कुणी विचारलं तर ती आधी विषय बदलते. मग सांगते... आणि दर वेळी तेच सांगते.

२००४ चा नोव्हेंबर. गुरुवार. रात्रबित्र नव्हती, दुपारचे सव्वातीन वाजले होते.

जागा म्हणजे पुण्यातलं एक जुनं पुरातत्त्व संग्रहालय. नाव मुद्दाम लिहीत नाही.

उल्काच्या सासूबाईंना, यमुनाबाईंना, काचबिंदू होता. एक डोळा गेलेलाच. दुसऱ्याचं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं, फार तर दोन महिने. त्याआधी त्यांना एकच गोष्ट बघायची होती. एका प्राचीन स्तूपात सापडलेली, भिक्खूंच्या अस्थी ठेवलेली दगडी डबी. उभा जन्म खडकीच्या क्वार्टरमध्ये गेला, तरी एवढ्या जवळचं राहूनच गेलं होतं.

पहिल्यांदा गेल्या तर साप्ताहिक सुटी. दुसऱ्यांदा वीज नव्हती. ही तिसरी खेप. नवरा, आनंद, कंपनीच्या कामाने अमेरिकेत. उल्काने हिंजवडीच्या ऑफिसात बोलणी खाऊन अर्धी रजा काढलेली. कडेवर अडीच वर्षांची श्रद्धा, तापातून कालच उठलेली. तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलेलं.

आणि दालनाच्या जाळीच्या दाराला कुलूप...

पहारेकरी रंगराव स्टुलावर बसला होता. किल्ली साहेबांकडे, साहेब मुंबईला, एवढं बोलून तो पुन्हा पेपरात शिरला. उल्काने विनवलं, आवाज चढवला, पिशवीतून डॉक्टरांचे कागद काढून दाखवले.

"ताई, दोन हजार वर्षं थांबलेत ते दगड," तो म्हणाला. "अजून महिनाभर थांबतील."

"दगड थांबतील हो. यांचा डोळा थांबणार नाही."

रंगरावने पान उलटलं.

उल्काला रागाने रडूच आलं. आत मिट्ट काळोख. जाळीला नाक लावलं तरी काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

यमुनाबाईंनी मात्र चपला काढल्या. पांढऱ्या साडीचा पदर सावरत त्या जाळीसमोर फरशीवर बसल्या. हात जोडले.

इथे पूजाबिजा चालत नाही, असं रंगराव म्हणेपर्यंत त्यांनी बुद्धवंदना सुरूही केली होती.

त्यांच्याकडची रीत अशी. वडीलधारं माणूस एक ओळ म्हणतं, थांबतं, आणि बाकीचे तीच ओळ मागून म्हणतात. यमुनाबाई पहिली ओळ म्हणून थांबल्या. आता उल्काची पाळी.

उल्का गप्प राहिली. कुणापुढे म्हणायची? कुलपापुढे?

एक क्षण गेला... दुसरा गेला...

आणि ओळ आली.

आतून.

तो एक आवाज नव्हता. पुष्कळ होते. पुरुषांचे, संथ, एकमेकांत मिसळलेले.

आईंचाच आवाज घुमला असेल, असं उल्काने स्वतःला बजावलं. पण आईंचा आवाज बारीक, चिरका. आणि घुमणारा आवाज इतका वेळ थांबून येत नाही.

यमुनाबाईंनी दुसरी ओळ म्हटली.

आतून दुसरी ओळ आली...

रंगरावच्या हातातला पेपर खाली पडला.

श्रद्धा आत बघत होती. तिने हळूच इवलेसे हात जोडले. मग तिची मान फिरत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत... रांगेत बसलेल्या माणसांकडे बघावं तशी.

वंदना संपली. यमुनाबाईंनी तीनदा डोकं टेकवलं.

"दिसली गं," त्या म्हणाल्या. "केवढीशी आहे. ओंजळीत मावेल."

रंगराव उठला. त्याने किल्ली काढली. स्वतःच्याच खिशातून.

दिवा लागला.

दालन रिकामं होतं.

एक कपाट नाही, एक मूर्ती नाही. भिंतींना ओल आली म्हणून तीन आठवड्यांपूर्वीच सगळं दुसरीकडे हलवलेलं. तसं कुणाला सांगायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता, रंगराव पुटपुटला.

गळलेल्या पोपड्यांची पांढरी धूळ फरशीभर साचली होती. त्या धुळीत ओळीने खुणा होत्या, मांडी घालून बसलेल्या माणसांच्या. पाच ओळी.

पाऊल मात्र एकही नव्हतं... ना आत येणारं, ना बाहेर जाणारं.

"कामगार बसले असतील," उल्का म्हणाली.

"काम सुरूच झालेलं नाही, ताई."

रंगरावने घाईघाईने कुलूप लावलं.

जानेवारीत यमुनाबाईंचा दुसरा डोळा गेला. त्या रडल्या नाहीत. रोज संध्याकाळी त्या अंदाजाने भिंत चाचपत येतात आणि वंदनेला बसतात.

आता उल्का कितीही दमून आलेली असो, शेजारी बसतेच. आईंची ओळ पुरी व्हायच्या आत आपली सुरू करते. मध्ये श्वाससुद्धा घेत नाही.

आईंना त्याचं हसू येतं.

"एवढी घाई कशाला करतेस गं," त्या म्हणतात. "म्हणणारे पुष्कळ आहेत."

घरात तेव्हा त्या तिघीच असतात...