साडेतीन सीझन

सामाईक अर्ज. प्रश्न १ : खेळाडूचे नाव व वय.

राजवी सरनोबत, वय वर्षं तेरा, ओट्याला टेकून पोहे खात होती. शेजारी फ्रिजच्या दारावरच्या पडद्यावर तीच राजवी सोळा वर्षांची होऊन मैदानाच्या डाव्या कडेनं फुटबॉल घेऊन पळत होती.

पडद्यावरच्या मुलीला अर्जात 'बिंब' म्हणत. राजवी तिला नुसतं 'ती' म्हणायची. सहा आठवडे राजवीच्या मांड्यांना, पोटऱ्यांना, घोट्यांना नखाएवढ्या चकत्या चिकटवलेल्या होत्या. ती कशी पळते, कशी वळते, दमल्यावर कुठला पाय आधी ओढायला लागते, ते सगळं चकत्यांनी टिपून घेतलं. त्यात आईवडिलांची उंची, आजारपणं, हाडांचे फोटो मिसळले. मग संगणकानं तिच्यासारखीच एक मुलगी घडवली आणि तिला वीस हजार वेळा मोठी केली, दर वेळी थोडं वेगळं नशीब देऊन. त्यातलं सगळ्यात जास्त वेळा जे घडलं, ते आता फ्रिजवर चाललं होतं.

"पोहे गार झाले. स्वतःलाच काय बघत बसलीस?" तिची आई प्रणोती म्हणाली.

"मी न्हवं, ती हाय. ती हेडर मारती बघ. मी अजून डोळे मिटतो."

राजवी 'मिटतो', 'जातो', 'येतो' असंच बोलायची. कोल्हापूरच्या पोरी तशाच बोलतात. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनीही ते सुधारायचा नाद सोडला होता.

राजवीचा बाप इंद्रजित गाडीची किल्ली शोधत आत आला. "आज पाचला अर्ज बंद होतोय. ठरलं का मायलेकींचं?"

"ठरलंय की," राजवी म्हणाली.

प्रणोतीची नजर फ्रिजवर होती. पडद्यावरच्या मुलीनं गोल केला आणि ती उड्या मारत परत फिरली. उतरताना तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूला किंचित वळला. फार किंचित. प्रणोतीनं पडदा बंद केला.

प्रश्न ७ : पसंतीची लीग. (एकच निवडावी. निवड पाच वर्षे बदलता येणार नाही.)

अजिंक्य लीग : पुण्यात वसतिगृह, वर्षाला बावन्न सामने, कृत्रिम हिरवळ, दर महिन्याला परदेशी क्लबांची माणसं पोरी बघायला हजर.

पंचगंगा लीग : घरी राहून खेळायचं, वर्षाला बावीस सामने, मातीचं मैदान, दर तिसरा आठवडा सक्तीची विश्रांती. बघायला हजर, आईबाप आणि चहावाला.

"पंचगंगेत खेळून काय नदीचं पाणी आणायला जाणाराय पोरगी?" इंद्रजित गाडी चालवता चालवता म्हणाला. "अगं, दोन्हीकडनं बोलावणं आलंय. अख्ख्या पेठेत एकीला. आणि तू चेहरा असा करून बसलीस जणू पोरगी नापास झालीय."

"बावन्न सामने जास्त होतात, अहो."

"बिंब काय म्हणतंय? हिरवं. दोन्हीकडं हिरवं. आपण शहाणे का बिंब?"

मागच्या सीटवर राजवी बुटांच्या नाड्या सोडत आणि परत बांधत होती. तिचा तो चाळाच होता.

प्रश्न २३ : माता अथवा पिता यांना गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत झाली आहे काय?

प्रणोतीनं 'नाही' दाबलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, याच गाडीत बसून, एका सेकंदात. सोळा वर्षं जे उत्तर ती देत आली, तेच बोटानं आपोआप दिलं.

तिच्या उजव्या गुडघ्यावर उभा व्रण आहे. सासरी सगळ्यांना माहीत आहे की कॉलेजात असताना ती रंकाळ्यावर स्कूटरवरून पडली होती. खरं म्हणजे ती कुणाचा धक्का न लागता पडली होती. पेठेच्या मुलींच्या संघाकडून खेळताना, चेंडू पायात, समोर मोकळं मैदान, आणि वळायला गेली तर गुडघ्याच्या आत काहीतरी ओल्या फांदीसारखं मोडलं. दोन हाडांना आतून बांधून ठेवणारा दोर तुटला होता. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. शेजारी विचारायचे तेव्हा आई सांगायची, प्रणोती मावशीकडं गेलीय. स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आईनं तिला देवघरासमोर उभं केलं आणि एवढंच म्हणाली, "पायाचं काढायचं नाही. कुणापाशी. नवऱ्यापाशीसुद्धा."

नाही काढलं. मांडी घालून बसता येत नाही म्हणून ती सासरच्या पंगतीत कधी बसली नाही. कायम वाढायला उभी. सरनोबतांच्या घरात तिला सोळा वर्षं कामसू म्हणतात.

असा दोर आईचा तुटला असेल तर मुलीचा तुटायची शक्यता दुपटीनं वाढते, हे तिनं अर्ज भरल्यानंतर आठवड्यानं वाचलं. अर्जाखालीच, बारीक अक्षरात.

प्रश्न २३ (दुरुस्ती).

मैदानाच्या कडेला नोंदणीचा तंबू होता. दोन्ही लीगांचा अर्ज एकच, त्यामुळे टेबलही एकच. मागे अजिंक्य लीगच्या मीनल दातार बसल्या होत्या. पंचगंगेचा माणूस नव्हताच, त्यांच्या नावाची नुसती हिरवी चौकट पडद्यावर होती. इंद्रजित गाडी लावायला गेला होता. राजवी मैदानात पोरींबरोबर चेंडू हवेत ठेवत होती.

चार वाजून चाळीस मिनिटं.

प्रणोतीनं मनात सगळं जुळवून आणलं होतं. खरं सांगायचं. खरं कळलं की बावन्न सामन्यांची लीग आपण होऊन नको म्हणेल. मग बावीस सामन्यांची उरेल. राजवी रडेल, महिनाभर बोलणार नाही, पण घरी राहील, मातीवर खेळेल. इंद्रजितला काय सांगायचं ते नंतर बघू.

"मॅडम, एक चूक झालीय अर्जात. तेवीस नंबरला." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझा गुडघा... ऑपरेशन झालंय. खेळताना तुटलेला."

मीनलबाईंनी मान वर केली नाही. "दुरुस्ती करायचीय? अंगठा ठेवा. पण आत्ता केलीत की ती दोन्हीकडे जाईल, आणि परत घेता येणार नाही."

"जाऊ दे."

अंगठा ठेवला. पडदा क्षणभर थबकला. मग एक चौकट करडी झाली.

पंचगंगेची.

पंचगंगा लीग : खेळाडूंच्या दीर्घ आरोग्यासाठी आनुवंशिक दोष असलेल्या मुलींना प्रवेश देता येत नाही. क्षमस्व.

"हे उलटं झालं," प्रणोती म्हणाली. "मॅडम, उलटं झालं हे. ही चौकट राहायला पाहिजे. तुमची जायला पाहिजे."

"त्यांचा नियम चांगल्या हेतूनं केलाय," मीनलबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना मुली पंचविशीपर्यंत धडधाकट हव्या असतात. म्हणून ते धोका घेतच नाहीत. त्यांचं सगळं तेविसाव्या प्रश्नावर चालतं. आमचं तसं नाही. आम्ही मुलीचं पळणंच वाचतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्हाला ठाऊक होतं." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "उतरताना गुडघा आत वळतो तिचा. तुम्ही 'नाही' लिहिलं होतंत, तरी बिंबानं सांगितलंच. वीस हजारांतल्या साडेबारा हजार वेळा तो दोर तुटतो. बहुतेक वेळा चौथ्या सीझनच्या मध्यावर."

"आणि तरी हिरवं?"

"आमच्याकडे मुलगी सरासरी तीन सीझन टिकते, ताई. कुणी परदेशी जाते, कुणी कंटाळते, कुणाचं वजन वाढतं. राजवी साडेतीन टिकेल. सरासरीपेक्षा जास्तच आहे." त्या जरा घुटमळल्या. त्यांचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता. "गुडघ्याचे व्यायाम देतो आम्ही. काहींना फरक पडतो. शंभरात दहा-पंधरा जणींना."

"आणि कुठंच नाही घातलं तर?"

"मग शाळेच्या मैदानावर खेळेल. तिथं व्यायाम घ्यायलाही कुणी नसतं."

प्रणोतीनं करड्या चौकटीवर बोट ठेवलं. दोनदा, तीनदा, मग जोरात. काच होती ती, नुसती गार.

प्रश्न ३१ : खेळाडूने स्वतःचे बिंब अखेरपर्यंत पाहिले आहे काय?

या प्रश्नासमोर 'होय' होतं. ते प्रणोतीनं भरलेलं नव्हतं.

"बारा वर्षांवरच्या मुलींना हक्क आहे तो," मीनलबाई म्हणाल्या. "तिनं महिन्यापूर्वीच मागितलं होतं."

राजवी तंबूच्या दारात उभी होती. घामानं डबडबलेली, चेंडू काखेत. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ती पडती, मम्मी," ती म्हणाली. "मी बघितलंय. कुणी ढकलत न्हाई. एकटीच पडती. लई वरडती."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस." राजवीनं पायानं माती उकरली. "पप्पांना पण न्हाई सांगितलं. कुणालाच न्हाई."

हे वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते प्रणोतीला ऐकता ऐकताच कळलं. देवघरातल्या उदबत्तीचा वाससुद्धा आला.

बाहेरून इंद्रजितचा आवाज ऐकू आला. गाडी लावून तो वाटेत कुणाशी तरी हसत बोलत येत होता. "अहो, आमची पोरगी पुण्याला चालली की!"

राजवी जवळ आली. आईच्या साडीवर, बरोबर उजव्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला. आत काही आहे का ते चाचपल्यासारखा.

"तुझा खेळताना तुटला, व्हय?"

"हो."

"स्कूटर न्हवतीच?"

"नव्हती."

"किती खेळलीस तू? तुटायच्या आधी."

"दीड." प्रणोती म्हणाली. "दीड सीझन."

राजवीनं मनात वजाबाकी केली. ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. मग ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "तुला आधीच कुणी सांगितलं असतं, दीडच हाय म्हणून... तर तू खेळली नसतीस?"

मोकळं मैदान. चेंडू पायात. वाऱ्यानं कानात भरलेली शिट्टी. आजवर प्रणोती पडण्याआधीचा तो एक क्षण स्वतःला आठवू द्यायची नाही, कारण तो आठवला की सासरी उभ्यानं दिवस काढणं अवघड जायचं. तो क्षण आत्ता आला आणि हटेना.

तिला 'नसते' म्हणायचं होतं. आईनं तेच म्हणायला हवं.

"सांग की, मम्मी."

चार वाजून छप्पन्न मिनिटं. इंद्रजित तंबूत शिरला, दोघींकडे बघून त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. "काय झालं गं? सही राहिलीय व्हय अजून?"

मीनलबाईंनी पडदा पुढं सरकवला. एकच चौकट पेटलेली होती, आणि तिच्याखाली अंगठ्याएवढी गोल जागा.

प्रश्न ४१ (अखेरचा) : आपण हा निर्णय स्वेच्छेने व पूर्ण माहितीनिशी घेत आहात काय?