वेशीवरचा शेंदूर

"उद्या तो दरवाजा पडते म्हणजे पडते!" श्यामरावांनी भरलं ताट सरकवलं आणि ते तसेच उठले.

"तं मी त्याच्याखालीच बसतो, पाडा माझ्यावर!" ओसरीवरून तुलाराम कडाडला.

दोघांच्या मधे शकुनबाई उभी... एक नवरा, एक दीर! सासू गेली तेव्हा दोन वर्षांच्या तुलारामला तिनंच पदराखाली घेतलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं, शिकवून मास्तर केलं. आणि आता, या अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, वेशीचा जुना दरवाजा पाडून रस्ता रुंद करायचं कंत्राट थोरल्यानं घेतलेलं, तर त्याच दरवाजाच्या खांबावर कोरलेला लेख वाचण्यात धाकट्याचा जीव अडकलेला! त्यानं अर्ज केले, भंडाऱ्याला खेटे घातले. कोणी दाद दिली नाही. इकडे आड, तिकडे विहीर! दोघंही तिचेच, अन् तिचं ऐकणारा एकही नाही!

पहाटे ती न्हाली, वाटीभर शेंदूर तेलात कालवला आणि वेशीवर जाऊन त्या खांबावर वरपासून खालपर्यंत थापला. पुढं नारळ ठेवला.

उजाडता मजूर आले. खांब पाहताच आसगावच्या सुखरामनं सब्बल, ती लोखंडी पहार, खाली टाकून हात जोडले. "मालक, देवावर हात नाही उचलत आमी." श्यामराव संतापले, शिव्या देत त्यांनी स्वतःच सब्बल उचलली... तशी शकुनबाई आडवी आली.

"मातामाय सपनात आली होती. इथंच राहीन म्हणाली."

जन्मातलं पहिलं खोटं! श्यामरावांनी सब्बल खाली ठेवली, आणि ते मजुरांना घेऊन परतले.

तोच तुलाराम धावत आला. दरवाजा उभा पाहून त्याचा चेहरा फुलला; मग नजर खांबाकडं गेली.

"वैनी! हे काय केलं वो? अर्ध्या ओळी उतरवायच्याच राहिल्या होत्या... तेल दगडात मुरते! आता ते अक्षरं कोण वाचीन?"

"मले कुठं वाचता येते, बाबू! मले तिथं तुमी दोघंच दिसले... एक सब्बल घेऊन उभा, अन् एक खाली पडलेला."

 त्या दिवसापासून तुलारामनं घरचं अन्न सोडलं, शाळेतच राहू लागला. देवीला नारळ वाढत गेले, अन् वहिनीचं अंतःकरण तिळतिळ तुटत राहिलं.

पावसाळ्यात शेंदराचे पोपडे निघाले. खालची दोन-चार अक्षरं उघडी पडली, तशी 'देवी गेली, देवी गेली' अशी कुजबूज उठली, आणि दरवाजा पाडण्यासाठी श्यामरावांना पुन्हा कचेरीतून बोलावणं आलं.

त्याच संध्याकाळी तुलाराम दारात उभा राहिला. वाळून काडी झालेला!

"वैनी... शेंदूर दे."

तिघंही वेशीवर गेले. तेलाची वाटी श्यामरावांनी धरली होती. "तुल्या, हे उघडं पडलं तेवढं तरी वाचून घे रे," ते म्हणाले.

"वाचत बसलो तं लावणं होणार नाही, दादा," तुलाराम म्हणाला, आणि डोळे मिटून त्यानं त्या अक्षरांवर शेंदूर फासला.