सम्राज्ञीच्या भुवया

जपानमधल्या इवात्सुकीच्या देवळात दर नोव्हेंबरात जुन्या बाहुल्यांना निरोप देतात. त्या सकाळी मी रांगेतल्या बाहुल्या न्याहाळत होते. एका उंच तरुणाच्या हातात उघडं खोकं होतं, आणि आत मुलींच्या सणाला मांडतात ती सम्राज्ञी. गाल तडकलेला, भुवया पुसलेल्या, नाकाचा शेंडा गेलेला. पण डोळे... अरुंद, खाली झुकलेले, सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कसबी हाताचे.

"थांबा," मी म्हणाले. "हिला निरोप द्यायचा नाही."

"मग काय करायचं?"

"मला द्यायची."

तो हसला, मग खोक्याकडे बघत म्हणाला, "आईची आहे. आई वसंतात गेली. सामान हलवताना माझ्याच हातून पडली ही. आता हे तोंड बघवत नाही."

"मी नीट करीन."

"तुम्ही कोण?"

"तोमोए. हासुनुमांच्या कारखान्यात मुंडकी घडवते." त्याचा चेहरा बघून मी घाईनं म्हणाले, "बाहुल्यांची."

त्याचं नाव कारासावा सोइची. पुलांच्या कामांसाठी मोजणी करायचा.

मी त्याला एक गोष्ट सांगितली नव्हती. सहा वर्षं मी नुसती शिंपल्यांची पूड सरसात मळून चेहऱ्यांवर थरावर थर देत होते. भुवया काढायची मला परवानगीच नव्हती.

कारखान्यात हासुनुमा गुरुजींनी खोकं पाहिलं. "दुसऱ्याच्या आईच्या बाहुलीवर हात साफ करणार?"

"आधी हात साफ करीन, मग बाहुली घेईन. हजार भुवया काढते."

"काढ. मग बघू."

कागद सपाट, कपाळ गोल. म्हणून सराव अंड्यांवर. कारासावा दर शनिवारी बाहुली बघायला यायचा आणि जाताना भुवयांची अंडी घरी न्यायचा.

"ही रागावलीय," एक अंडं उचलून तो म्हणायचा. "आणि ही... लाजलीय वाटतं?"

"अंडं लाजत नाही."

"मग काढणारी?"

माझा कुंचला घसरला. "तुम्ही आलात की माझ्या रेघा बिघडतात."

"मग येऊ नको?"

"या. तुम्ही समोर असतानाही सरळ आल्या पाहिजेत."

एकदा त्यानं विचारलं, बाहुल्या मांडायची ही रीत आली कुठून? मी म्हणाले, "पूर्वी कागदाची बाहुली करायचे, अंगावरून फिरवून आपलं दुखणं तिला द्यायचे आणि नदीत सोडायचे. पुढे बाहुल्या इतक्या देखण्या झाल्या, की सोडवेनात."

"म्हणजे माणसं मोहात पडली."

"हो," मी खाली बघत म्हणाले. "पडतात."

जानेवारीत तो उशिरा आला. टोपी हातातच ठेवून उभा राहिला. "माझी बदली झाली. हाकोदातेला, एप्रिलपासून."

तो गेल्यावर मी चाळीस भुवया काढल्या. सगळ्या वाकड्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसले.

फेब्रुवारीत गुरुजींनी अंड्यांचा ट्रे उन्हात धरला, बराच वेळ पाहिला आणि स्वतःचा बारीक कुंचला माझ्याकडे सरकवला. गाल मी आधीच भरला होता, नाक उचललं होतं, थर वाळले होते. श्वास धरून भुवया काढल्या, केसाएवढ्या रेघांच्या, कडेला विरत गेलेल्या. गुरुजी म्हणाले, "हं." सहा वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक.

शनिवारी कारासावानं बोटाच्या मागच्या बाजूनं तिच्या गालाला हलकेच स्पर्श केला.

मग मीच बोलले. "कारासावा-सान, मला तुम्ही आवडता. मी कारखाना सोडणार नाही, अजून चार वर्षं शिकायचंय. तुम्हीही काम सोडू नका. मध्ये चार-साडेचार तासांचीच तर गाडी आहे."

"वेळापत्रकही पाहिलंत?"

"जानेवारीतच."

तो हसला, डोळे पुसत. "मी डिसेंबरात विचारणार होतो. मग बदलीची कुणकुण लागली आणि... धीर गेला."

"माझा नाही गेला."

"दिसतंय," तो म्हणाला, आणि त्यानं माझा पांढरी पूड लागलेला हात हातात घेतला. लवकर सोडला नाही.

मे महिन्यात मी हाकोदातेला उतरले. फलाटावर समुद्राचा गार वारा होता. गर्दीतून तो जवळजवळ पळतच आला, आणि समोर येऊन नुसता उभा राहिला.

"आलीस," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"आले," मी म्हणाले. "जूनमध्ये तू ये."