काट्यावरचे वीस किलो

झुलाल नाना खोटं बोलत नाहीत. हे खुद्द झुलाल नानाच सांगतात, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नाही.

नशिराबादला लाइट गेलेली. सगळ्यांच्या मोबाइलची बॅटरी माना टाकायला लागलेली, म्हणून पोरं नानांच्या ओट्यावर जमली. एरवी नानांना कोण विचारतंय? दीपकनं काडी लावली, "नाना, भूत खरं असतं का हो?"

नानांनी तंबाखू मळली आणि चुना दीपकच्याच पँटीला पुसला.

"भूतबित मला माहीत नाही. कुंदनचं माहीत आहे. भाचा आहे माझा, जळगावात मेहरूणला राहतो. आणि जे झालं ते लालचंद शेठच्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर झालं. तिथं मी फिटर आहे. आता मधे कुणी लघवीला उठलं तर पुढचं सांगणार नाही."

कुणी उठलं नाही. ज्यांना लागलेली, तेसुद्धा दाबून बसले.

तर कुंदन निघाला होता गाडीचं वजन करायला. एवढंच काम होतं.

कुंदनचं एमआयडीसीत शटर-ग्रिलचं वर्कशॉप. डोक्यात किडा असा की बायको-पोरीला घेऊन पार कन्याकुमारीपर्यंत जायचं, आणि लॉजला एक पैसा द्यायचा नाही. एक जुनी ट्रॅव्हलर उचलली, आतली सीटं उपटून फेकली आणि दोन वर्षांचे सगळे रविवार घालून तिचं घर केलं. प्लायवूडची कपाटं, घाटात उघडू नयेत म्हणून दारांना चुंबकं. नव्या बाकड्याखाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. टपावर सोलर, खाली दोन बॅटऱ्या. छोटा सिलेंडर, तोही पट्टीनं भिंतीला आवळलेला. कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. आणि सगळ्यात मागे, वर, पोरीसाठी रेल्वेसारखी बर्थ. पडू नये म्हणून तिला जाळी.

सारिका, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "घरातला नळ वर्षभर गळतोय, तिकडे बघायला वेळ नाही. आणि गाडीत बेसिन बसवतात साहेब!"

पण बॅग तिनंच आठ दिवस आधी भरून ठेवली होती.

पोरगी मयुरी. पहिलीत. दिसायला चिमणी आणि उपद्व्याप माकडाचे. त्या आठवड्यात दोनदा गाडीत लपून बसली होती. एकदा तर कुंदन गाडीसकट वर्कशॉपला पोचला आणि कपाटातून ही बाहेर. "भ्वॉक!" कुंदनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पायावर पडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलेलं. सगळं भरून झालं होतं, पाणी, गॅस, गाद्या, डाळ-तांदूळ. फक्त वजन राहिलं होतं. धुळ्याचा प्रेमराज मिस्त्री, ज्यानं गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलून दिले, त्यानं बजावलं होतं. "कुंदनभाऊ, बंगला बांधा की ताजमहाल बांधा, मला काय. पण सगळं भरून एकदा काट्यावर चढवा. माणसं धरून साडेतीन टनाच्या वर गेलात आणि घाटात पाटा मोडला, तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही."

म्हणून कुंदन निघाला. तीन वर्षं झाली या गोष्टीला. संक्रांत होऊन दोन दिवस झालेले, मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. दिवसा जाऊन उपयोग नाही. कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार हायवेपर्यंत असते.

काटा तुम्ही पाहिलाय. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी. गाडी वर चढवायची, माणसांनी उतरायचं, आणि केबिनीवर लाल आकड्यांत वजन दिसतं. रात्रपाळीला लोटन आबा. म्हातारा, कानटोपी, बोलणं सगळं खान्देशी. गाडी कुणाचीही असो, आबा केबिनीतून एकच ओरडणार, "बठ्ठा उतरनात का रे?"

"सगळे म्हणजे मी एकटाच आहे, आबा," कुंदन हसत खाली उतरला.

लाल आकडे फिरले. थांबले. तीन हजार दोनशे चाळीस.

कुंदननं मनातल्या मनात उडीच मारली. आपण तिघं चढलो तरी साडेतीन टनाच्या आत! त्यानं सारिकाला मेसेज टाकायला मोबाइल काढला.

"ओ भाऊ," आबा म्हणाले. "वर दख."

तीन हजार दोनशे साठ.

"वारा असेल," कुंदन म्हणाला.

वारा नव्हता. जिनिंगच्या आवारात कापसाचे पुंजके पडलेले असतात, फुंकर मारली तरी उडतात. एक हलत नव्हता.

"कोन शे गाडीमा?"

आणि कुंदनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वीस किलो! अहो, परवाच शाळेत मोजली होती तिला. बरोब्बर वीस.

"आमची मयुरी आहे, आबा. लपली असणार कार्टी. थांबा, बघतोच तिला."

तो गाडीत चढला. "मयुरे, निघ बाहेर. सापडलीस."

कपाट उघडलं. डाळ-तांदूळ.

दुसरं उघडलं. गाद्या.

बाकड्याखाली टाकी. संडासाचं दार ढकललं. रिकामा. वरची बर्थ... जाळी लावलेली, चादर सरळ. मोबाइलचा उजेड त्यानं कोपऱ्यापर्यंत नेला.

कुणी नव्हतं.

तो खाली उतरला. चेहऱ्यावर अजून थोडं हसू होतं. असं विसरून राहिलेलं.

"आबा, किती दाखवतोय?"

"साठ."

"पण आत कुणीच नाही."

आबा केबिनीतून बाहेर आले. हळू आवाजात म्हणाले, "तू उतरना तवय चाळीस व्हतं. मंग साठ व्हयनं. आधीपासून बठेल नही ते. तू खाली असताना चढनं."

कुंदननं घरी फोन लावला. चार रिंग झाल्या. पाच.

"काय हो?" सारिकाचा झोपेतला आवाज.

"मयुरी कुठंय?"

"कुठं म्हणजे? इथंच, माझ्या कुशीत. का?"

"हात लावून बघ."

"अहो, काय झालंय?"

"बघ ना गं!"

चादर सरकल्याचा आवाज. मग, "आहे. झोपलीय. घोरतेय."

कुंदननं वर पाहिलं. साठ.

"गाडी खाली घे," आबा म्हणाले. "काटा बिघडना व्हई तर समजी."

कुंदन आत बसला, गाडी सुरू केली आणि पाटीवरून पुढे जमिनीवर घेतली. उतरून पाहिलं.

काटा रिकामा. आकडा झिरो हवा.

वीस.

दोघं बघत उभे. रिकामी लोखंडी पाटी. तिच्यावर काही नाही. ट्यूबलाइटचा उजेड, आणि वीस.

कुंदनला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. जे काय आहे ते गाडीत नाही. मागे राहिलं. आता बसावं, सुटावं, सरळ घरी...

आकडा हलला.

झिरो.

"उतरनं," आबा म्हणाले.

"कुठं गेलं?"

आबांनी गाडीकडे बोट दाखवलं. गाडीचं मागचं दार उघडं होतं. कुंदननं ते लावलंच नव्हतं.

आता कळलं ना पोरांनो? ही गाडी मेहरूणला जाणार. दारात उभी राहणार. पहाटे त्या बर्थवर मयुरी झोपणार. आणि तिच्या शेजारी...

कुंदनला एकच गोष्ट कळायला हवी होती. ते गाडीत आहे की नाही. आणि ते कळायला एकच उपाय होता.

गाडी परत काट्यावर चढवायची. त्यानंच.

तो बसला. रिव्हर्स टाकला. आरशात पाहिलं नाही. मान बाहेर काढून गाडी मागे घेतली. अंतर केवढं? अंगणाएवढं. कुंदन म्हणतो, कन्याकुमारी जवळ होती त्यापेक्षा.

मागे, वर, जाळी करकरली.

एकदाच. कूस बदलल्यासारखी.

तो उडी मारूनच खाली आला. पाटीवरून बाहेर. वर पाहिलं.

तीन हजार दोनशे साठ.

फोन वाजला. सारिका.

"अहो, ही झोपेत बोलतेय."

"काय बोलतेय?"

"म्हणतेय, मला पण न्या. सारखं तेच. मला पण न्या ना, मला पण न्या ना..."

मयुरीला तर न्यायचंच होतं. ती कशाला म्हणेल, मला पण?

"फोन चालू ठेव," तो म्हणाला. "तिच्या तोंडाजवळ धर. बंद करू नको."

मग तो गाडीकडे वळला. जवळ गेला नाही. पाटीच्या कडेला उभा राहिला आणि बोलला. पोरगी हट्टाला पेटली की जसा बोलतो ना, तसाच.

"बाळा... उतर."

साठ.

"उतर ना. खूप रात्र झाली."

साठ.

दोन वर्षांचे रविवार. ती कपाटं, ते बेसिन, ती सारिकानं भरलेली बॅग. कुंदननं एकदा सगळीकडे पाहून घेतलं.

"ही गाडी कुठंच जाणार नाही," तो म्हणाला. "आज नाही. उद्या नाही. कधीच नाही. शप्पथ. आम्हीही जाणार नाही. उतर आता."

काही नाही.

काही नाही.

मग गाडी जरा हलली. पाट्यावरचं ओझं उतरतं, तशी.

तीन हजार दोनशे चाळीस.

फोनमधून सारिका म्हणाली, "गप झाली हो."

कुंदननं श्वास सोडला. वळणार, तेवढ्यात आबांनी त्याचं मनगट धरलं.

"मांगे दखू नको."

"मग मी घरी जातो."

"घर जाऊ नको. आठेच बस. ते बी येई तुन्हा मांगे."

दोघं तिथंच केबिनीत बसले. दार लावून. कुंदननं फोन कानाला धरला होता. पलीकडे मयुरीचा श्वास. आत... बाहेर. आत... बाहेर. पहाटे कापसाचा पहिला ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं शिव्या घालत हॉर्न मारला, तेव्हा कुंदन उठला आणि रिक्षा करून घरी गेला. ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या एवढ्या गोड त्याला आयुष्यात लागल्या नव्हत्या.

नाना थांबले. तंबाखू थुंकले.

"मग गाडी?" दीपकनं विचारलं.

"तिथंच आहे. जिनिंगच्या भिंतीला. टायर बसलेत. शेठ रोज ओरडतो, भंगारात द्या म्हणून. कुंदन देत नाही. शप्पथ घेतलीय ना त्यानं. सारिका वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही, मग एका रात्री त्यानं सगळं सांगितलं. आता ती पण गाडीचं नाव काढत नाही."

"मग संपलं की, नाना."

"कुंदनपुरतं संपलं. त्याला मी पुढचं सांगितलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही."

ओट्यावर कुणी हललं नाही. दूर हायवेवरून एक ट्रक गेला. मग तोही नाही.

"त्या रात्रीनंतर दर मंगळवारी, गाड्या थांबल्या की, काटा झिरोवर येईना. वर काही नाही आणि वीस दाखवायचा. मी पाटीखाली उतरलो, साफ केलं. जळगावहून कंपनीचा माणूस आणला, त्यानं आतला सगळा माल बदलला. तरी वीस. मग मी नाद सोडला. म्हटलं, बसू दे. कुणाचं काय घेतंय..."

"मग?"

"पुढच्या वर्षी बघतो तर चोवीस-पंचवीस असावं. काटा दहाच्या पटीत दाखवतो, म्हणून कधी वीस, कधी तीस. एका जागी ठरेना."

"काटाच खराब असेल," दीपक म्हणाला.

"असेल. मयुरी आता चौथीत गेली. उंच झाली. अंग भरलं. शाळेत परत मोजली, तीस भरली. परवा मंगळवारी लोटन आबांना बरं नव्हतं म्हणून रात्री मी बसलो होतो. पाटी रिकामी. मी स्वतः झाडून घेतली होती. साडेबाराला वर पाहिलं..."

नानांनी चुन्याची डबी बंद केली.

"किती होतं, नाना?"

"तीस," नाना म्हणाले. "आता हलत नाही. पक्के तीस."