चार करडे स्कर्ट

स्कॉटलंडमधल्या ओबन बंदराच्या धक्क्याजवळ मिसेस मॅकफेल यांचं किल्टचं, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यांचं, दुकान. भुरभुर पावसात भिजलेली इश्बेल आत शिरली, तर काकूंच्या जागी भलताच कुणीतरी... तोंडात टाचण्या धरलेला!

"काकू कुठे आहेत?"

"पाय मुरगळलाय. मी त्यांचा भाचा, लॅक्लन. काय हवंय?"

"स्पर्धेसाठी चार स्कर्ट. नाच आम्ही चौघींनीच बसवलाय. समुद्रावर गेलेल्यांची वाट बघणाऱ्या बायकांचा. काळे हवेत, घोट्यापर्यंत."

"घोट्यापर्यंत? मग परीक्षकांनी पावलं कुठे शोधायची?"

"आगाऊच आहात की!"

"आहेच. पण नंबर हवाय ना?"

कापड ठरवायला एक दुपार पुरली असती; या दोघांनी महिना लावला! काळ्याचं करडं झालं, घोट्याचं गुडघ्यावर आलं. बटणं तर त्या स्कर्टना लागतच नव्हती, तरी ती बघायला बाईसाहेब दोनदा आल्या. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कुणाला कळलंही नाही. इश्बेल पुरती प्रेमात पडली होती.

आणि मग टोरांटोहून बोलावणं आलं. मोठ्या नाटक कंपनीच्या कपडेपटात काम. लॅक्लनचं लहानपणापासूनचं स्वप्न. उत्तर रविवारच्या आत द्यायचं होतं.

शनिवारी शेवटचं माप. किल्टसारखीच या स्कर्टचीही लांबी गुडघे टेकून बघतात. कड जमिनीला लागता कामा नये. इश्बेल गुडघ्यांवर बसली. समोर तोही बसला, टाचणी हातात. टाचणी काही लागेना.

"इश्बेल... थांब म्हण. थांबतो मी."

"आणि दहा वर्षांनी मलाच ऐकवशील."

"नाही गं ऐकवणार!"

"बाबाही असंच म्हणाले होते. आईसाठी बोटीवरची नोकरी सोडली, आणि मरेपर्यंत तिला ऐकवत राहिले."

"मग तू चल माझ्याबरोबर."

"आईला कुणाच्या भरवशावर टाकू?... वेडा आहेस का?"

त्याने टाचणी खाली ठेवली. तिला त्याचा हात धरावासा वाटत होता. तिने तो धरला नाही.

"जा तू," ती म्हणाली. "आणि... माझं प्रेम आहे तुझ्यावर. हेही ऐकूनच जा."

"हे आत्ता सांगतेस होय गं?" तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी स्पर्धा झाली. चौघी नाचल्या, वाट बघणाऱ्या बायकांसारख्या अगदी शेवटपर्यंत समुद्राकडे बघत राहिल्या. संध्याकाळी फोन वाजला. विमानतळावरचा गोंगाट, आणि त्यातून त्याचा आवाज.

"कितवा नंबर?"

"दुसरा."

"रडलीस?"

"नाचताना रडता येतं होय रे?"

"आणि नंतर?"

इश्बेलने नाक पुसलं.

"नंतरचंच चाललंय," ती म्हणाली.