आबांचं लक्ष आहे

अंकिता घराबाहेर पडली ती दळण आणायला. सकाळी आईनं गव्हाचा डबा गिरणीत ठेवला होता आणि आता तिन्हीसांजा होत आल्या तरी तो तिथंच होता. ऊन उतरलं होतं. भीमेकडून उसाच्या पाचटाचा वास येत होता, कुणाच्या तरी गोठ्यात धारा काढणं चाललं होतं, आणि बाभूळवाडीच्या चौकातून भामाबाईंच्या गिरणीचा आवाज रोजच्यासारखा ऐकू येत होता. भिण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं.

तरी चौक जवळ आला तशी तिनं ओढणी सारखी केली, मोबाईल खिशात टाकला आणि तोंड परीक्षेला बसल्यासारखं केलं. चौकात आलं की बाभूळवाडीतलं प्रत्येक माणूस हेच करायचं. कारण पाराशेजारी एक खांब होता, खांबावर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याच्या पलीकडं आबा होते.

होते, म्हणजे पंधरवड्यापूर्वीपर्यंत होते.

बाभूळवाडी शिरूर तालुक्याच्या पार टोकाला. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. नदीवरच्या मोटारी आणि तांब्याच्या केबली चोरीला जातात म्हणून ग्रामपंचायतीनं कॅमेरा आणला. नदीवर खांब रोवायला पुन्हा कोण खर्च करणार, म्हणून तो चौकात लावला. चोरांची काही अडचण झाली नाही, ते आपले नदीवरूनच मोटारी नेत राहिले. अडचण झाली ती गावाची.

मारुतरावांना सगळं गाव आबा म्हणायचं. अंकिताच्या वडिलांचे ते चुलते. पंचायतीच्या खोलीत स्क्रीन बसला त्या दिवशी त्यांनी घरची खुर्ची तिथं आणून टाकली आणि मग ती हलली नाही. हाताशी एक कांडी होती, ती फिरवली की चौकातला कॅमेरा मान वळवायचा. शेजारी दवंडीच्या भोंग्याचा माईक. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या बोटावर चुना. मळून झालं की चुन्याचं बोट आबा हाताला येईल तिथं पुसायचे. भिंतीला, कांडीला, खुर्चीच्या दांड्याला पांढरी बोटंच बोटं उमटलेली. मग ते खाकरायचे. दोनदा. आणि भोंगा बोलायचा.

"भामाबाय, पदर घ्या डोक्यावर."

"ए म्हाळू, तिसरा चहा हाय तुझा आज. म्हशी काय मी पाजू व्हय पाणी?"

एकदा दौंडहून येताना अंकिताची एसटी चुकली आणि वर्गातल्या रविराजनं तिला गाडीवरून चौकात सोडलं. भोंगा खाकरला. "दत्ता, तुझी अंकिता पोराच्या गाडीवरनं उतरलीया. पोराला हेल्मेट बी न्हाई."

हे पलीकडच्या तालुक्यातसुद्धा ऐकू गेलं.

त्याच आठवड्यात तिला पुण्याच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. पण वडिलांनी, म्हणजे नानांनी, मान हलवली. "हितं एवढी माणसं बघायला हायती तरी ही तऱ्हा. तिथं तुला बघणार कोण?"

"त्याच्यासाठीच तर जायचंय, नाना!" अंकिता म्हणाली. नाना गप्प झाले. गप्प झालेला बाप हलवणं म्हणजे चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली हलवणं.

ग्रामसभेत तिनं विचारलं होतं, की कॅमेरा चोरांसाठी आहे की पोरींसाठी? हनुमंतआप्पा, आबांचे जिवलग, हसून म्हणाले होते, "ज्याच्या मनात पाप न्हाई, त्यानं कशाला भ्यायचं?" सगळे म्हातारे माना डोलवत बसले. म्हाताऱ्यांना स्वतःच्या म्हणी फार आवडतात.

मग आबा गेले. खुर्चीतच, कांडीवर हात ठेवून. मेल्यावर माणसं फार चांगली होतात, तसे आबाही झाले.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून नुसता एका डोळ्यानं बघत राहिला. भावकी एकेक कबूल करू लागली. नातवाचं लग्न करू. बांधाचा वाद मिटवू. आप्पा म्हणाले, पारावरची तुझी जागा कुणाला देणार न्हाई. कावळा ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं रडायला लागली. अंकिताच्या पोटातही आग पडली होती. ती बायकांतून तडकून म्हणाली, "अहो, सरळ सांगा ना, आबा, कॅमेरा तुम्हीच बघत जा म्हणून! दुसरं काय हवंय त्यांना?"

कावळा सरळ उतरला आणि पिंडाला शिवला.

लोकांनी हात जोडले, पत्रावळी मांडल्या, बुंदी वाढली. आपण काय कबूल करून बसलो, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अंकिताच्यासुद्धा.

तर आता ती गिरणीत पोचली. भामाबाईंनी डबा तिच्या हातात दिला, आणि तेवढ्यात लाईट गेली. गिरणी दमून, घरघरत, हळूहळू थांबली. गिरणी थांबल्यावर चौक केवढा शांत असतो हे त्या दिवशी अंकिताला पहिल्यांदा कळलं. भामाबाई बॅटरी शोधायला आत गेल्या. पारावर कुणी नव्हतं. एक कुत्रं खांबाकडं बघून शेपूट पायात घालून निघून गेलं.

किर्रर्र…

वर, अंधारात, कॅमेऱ्यानं मान वळवली.

गावात एक दिवा नव्हता. कॅमेऱ्याचा तेवढा लाल ठिपका पेटलेला होता, आणि तो तिच्याकडं बघत होता. ती डावीकडं सरकली. ठिपका डावीकडं सरकला. मग वास आला… ओल्या चुन्याचा, मळलेल्या तंबाखूचा. अगदी कानाशी.

भोंगा खाकरला. एकदा… आणि परत.

"अंकिता…"

तिनं डबा छातीशी ओढला.

"…डबा सरळ धर. पीठ सांडतंय."

तिनं खाली पाहिलं. डब्याचं झाकण तिरकं होतं आणि पिठाची बारीक धार खरंच तिच्या चपलेवर पडत होती. बॅटरी घेऊन भामाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त पदर डोक्यावर घेतला.

पंचायतीचा ऑपरेटर विनोद म्हणाला, जुनं रेकॉर्डिंग असेल. मग त्याला आठवलं, भोंग्याचं रेकॉर्डिंग होतच नाही. त्यानं कॅमेऱ्याची वायरच उपटली. वायर हातात घेऊन तो चौकात आला तेव्हा कॅमेऱ्यानं मान खाली करून आधी वायरीकडं आणि मग त्याच्याकडं पाहिलं. विनोद वायर तिथंच टाकून सासुरवाडीला शिरूरला गेला, तो अजून तिथंच आहे.

तरी सुरुवातीला म्हाताऱ्यांना कौतुकच वाटलं. "बघा, मेल्यावर बी गावची काळजी!" आप्पा डोळे पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा खाकरला.

"हनुमंता… गळ्यात माळ हाय ना तुझ्या? मग अंड्याची टरफलं बैलाच्या गव्हाणीत कशापायी लपवतोस?"

आप्पांनी चहा तसाच खाली ठेवला. टरफलांमुळे नाही. आप्पांची गव्हाण चौकातून दिसत नव्हती. ती घराच्या मागं होती, भिंतीच्या आत, पत्र्याखाली. तिथं कॅमेराच नव्हता.

मग गावाचं चोरून खाणंपिणं संपलं. सरपंच दार लावून केसांचा टोप काढतात आणि आरशाशी बोलतात, हे गावाला कळलं. कुणाची सून माहेरी फोनवर कुणाची नक्कल करते, हे सासूला कळलं. नक्कल भोंग्यानं करूनही दाखवली. लोक घरातही परीक्षेला बसल्यासारखे राहू लागले. नवरा-बायको चुलीपाशी खुणांनी भांडायला लागले. बाभूळवाडी एवढी सभ्य कधीच नव्हती, आणि एवढी भेदरलेलीही.

शुक्रवारी दुपारी भोंगा हळू आवाजात बोलला. आबांचा तसला मऊ आवाज जिवंतपणी कुणी ऐकला नव्हता.

"दत्ता… गोठ्यात एकटाच रडू नगंस. पोर जायची ती जाणारच."

अंकिता ओट्यावर गवारी मोडत होती. समोरून नाना गोठ्यातून बाहेर आले, डोळे लाल, आणि ती दिसताच तोंड फिरवून परत आत गेले. तिच्या बापानं आयुष्यात एकदा मन मोकळं केलं होतं, म्हशीपुढं. तेही चौकात मांडलं गेलं. गवारीची पाटी आदळून ती चौकात गेली आणि कॅमेऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, हे तुम्हाला शोभलं नाही!"

कॅमेऱ्यानं मान जराशी तिरकी केली. आबा कमी ऐकू आलं की अशीच मान करायचे.

संध्याकाळी म्हातारी मंडळी तिच्या ओट्यावर आली. पुढं आप्पा.

"पोरी, शबुद तू दिलास, तूच माघारी घे. माणसाचं काय खासगी असतंय का न्हाई?"

"आप्पा, हेच मी ग्रामसभेत विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मनात पाप नसेल त्यानं कशाला भ्यायचं."

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाप न्हाई गं. अंडंच हाय."

अंकिताला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. तिनं अट घातली: शब्द परत घेईन, पण रविवारी मी पुण्याला जाणार, आणि कुणी आडवं यायचं नाही. म्हाताऱ्यांनी नानांकडं पाहिलं. नाना दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, "जाऊ द्या तिला."

रविवारी सकाळी खांबाखाली पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवला. सगळं गाव जमलं. अंकिताची बॅग पाराला टेकवलेली, शिरूरची एसटी फाट्यावर यायची वेळ झालेली. कावळा कुठूनसा आला आणि थेट कॅमेऱ्यावरच बसला. खाली कॅमेऱ्याचा डोळा, वर कावळ्याचा. दोन्ही तिच्यावर.

"आबा," ती म्हणाली, "मी रागाच्या भरात बोलले. माझा शब्द मी परत घेते. तुम्ही दमलाय आता. सोडा हे."

कावळा हलला नाही.

"मारुतराव, अंडी सोडतो म्या," आप्पा म्हणाले. कावळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं केली. कुणाचाच विश्वास बसला नाही, कावळ्याचाही नाही.

सरपंचांनी पारावर आबांच्या नावाची फरशी बसवायचं कबूल केलं. भामाबाईंनी वर्षभर पदर ढळू देणार नाही म्हणून सांगितलं. वारा पडला होता. पिंपळाचं पान हलत नव्हतं. फाट्याकडून एसटीचा हॉर्न आला आणि अंकितानं बॅगेकडं पाहिलं.

तेव्हा नाना पुढं झाले. टोपी काढून त्यांनी हात जोडले.

"आबा… गावाचं आमचं आम्ही बघू. पण माझी पोर एकटी चाललीया पुण्याला. तिच्यावर… तेवढं लक्ष असू द्या."

"नाना, नको!" अंकिता ओरडली.

कावळा खाली आला, पिंडावर चोच मारली आणि शीत घेऊन उडाला. पुण्याच्या दिशेनं.

वर कॅमेऱ्याची मान मुरगळलेल्या कोंबडीसारखी लोंबली. लाल ठिपका विझला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, कुणीतरी मोठ्यानं शिवी दिली, नुसती द्यायला मिळते म्हणून. आप्पा लगबगीनं घराकडं निघाले. नानांनी बॅग उचलली. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांत पहिल्यांदा निवांत दिसत होता.

"आता मला घोर न्हाई," ते म्हणाले.

पुण्यात तिला हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. एकटीची. दाराला आतून कडी, खिडकीला कडी, खिडकीबाहेर सरळ भिंत. पहिल्याच दिवशी तिनं लॅपटॉपच्या वरच्या कॅमेऱ्यावर आपली टिकली चिकटवली. सकाळी टिकली आरशाला लागलेली होती. गोंद सुटला असेल, आपणच लावली असेल झोपेत, असं तिनं स्वतःला समजावलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला समजावता येतं. मग तिनं चिकटपट्टी लावली. तीही सकाळी निघालेली. नीट, कडेला घडी घालून ठेवलेली.

रोज संध्याकाळी नानांचा फोन यायचा. गावात असताना ते दहा वेळा विचारायचे, जेवलीस का, कुठं हायस, कोण हाय बरोबर. आता काहीच विचारत नव्हते. हसत बोलायचे, उसाचं सांगायचे, म्हशीचं सांगायचे. आप्पांनी पाच कोंबड्या पाळल्यात, हेही सांगितलं.

"नाना, तुम्ही काहीच कसं विचारत नाही माझं?" शेवटी न राहवून तिनं म्हटलं.

"काय इचारायचं? समदं बरं हाय की तुझं." नाना म्हणाले. मग सहज, "तेवढी खिडकीची कडी लावून घे बग. सकाळपास्नं उघडी हाय."

अंकितानं खिडकीकडं पाहिलं.

कडी उघडी होती. ती उठली, हळूच जवळ गेली, आणि कडी लावली. बोटांना काहीतरी गार लागलं म्हणून तिनं हात दिव्याखाली धरला.

चुना होता. ओला.