न गायलेला षड्ज

दूरमैफल महामंडळाच्या निवेदनात म्हटलं होतं, 'पूर्वस्वर ही प्रणाली कलावंताच्या गाण्यात स्वतःचा एकही स्वर मिसळत नाही.' वाक्य सुबक होतं. गायिका चारुशीला होनप यांनी ते चौकशी समितीपुढे सावकाश वाचून दाखवलं आणि मग गेल्या महिन्यातल्या आपल्याच यमनचं ध्वनिमुद्रण लावलं. चौदाव्या मिनिटाला तार षड्ज लागला. निर्मळ, अचल, हमखास टाळी घेणारा.

दोन वर्षांपूर्वी गळ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचा आवाज त्या स्वरापर्यंत पोहोचतच नव्हता.

"मी निषादावर थांबते, डॉक्टर," त्या प्रणालीचे जनक डॉ. निशिकांत तळवलकर यांना म्हणाल्या. "वरचा सा ऐकणाऱ्याच्या मनात उमटावा म्हणून. त्या एका थांबण्यासाठी अख्खा यमन नव्याने बांधला मी. मग हा सा कोणी लावला?"

तळवलकर फळ्यापाशी गेले आणि समितीला समजावू लागले. गायिका पुण्यात, तबलजी धारवाडला, श्रोते तिसऱ्याच शहरात. आवाज पोहोचायला निमिषभर उशीर होतो आणि तेवढ्यात सम हुकते. म्हणून पूर्वस्वर गायिकेच्या जुन्या मुद्रणांवरून तिचा पुढचा स्वर ताडतो आणि तिच्याच आवाजात सर्वांना आधीच ऐकवतो. खरा स्वर मागाहून आला आणि वेगळा निघाला, तर अंदाज पुसून तो त्याची जागा घेतो. या अदलाबदलीला ते 'दुरुस्ती' म्हणत.

"म्हणजे मी गायच्या आधीच माझं गाऊन झालेलं असतं," होनप म्हणाल्या. "सोय आहे. घसा बसला तरी चिंता नाही."

"थट्टा नको, बाई. शंभरातले सत्त्याण्णव अंदाज अचूक असतात."

"कोणत्या बाईचे? शस्त्रक्रियेआधीच्या?"

"श्रोत्यांची एकही तक्रार नाही."

"ऐकायला मिळालं असतं तर केली असती. मी निषादावर थांबले, ते थांबणं तुमच्यापर्यंत पोहोचलं. तेव्हा तुमची दुरुस्ती कुठे गेली होती?"

तळवलकरांनी खडू खाली ठेवला. खोटं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. आजवर नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता, इतकंच. समितीच्या इतिवृत्तात त्यांचं उत्तर शब्दशः असं नोंदलेलं आहे:

"तुमच्यापुरती दुरुस्ती आम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केली, बाई. ती चालू असली की मधूनमधून तुमचं गाणं ऐकू यायचं, आणि श्रोत्यांना तो बिघाड वाटायचा."